खान्देशातून शोधनिबंध छापताना: जर्नलची झडती, रिव्ह्यूला उत्तर आणि बांधापर्यंतची वाट

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरत असतो: "आंतरराष्ट्रीय, पीअर रिव्ह्यूड, हाय इम्पॅक्ट फॅक्टर. लेख पाठवण्याची शेवटची तारीख २५, प्रसिद्धी ३० ला. फी १,२०० रुपये, सर्टिफिकेटसह." पीअर रिव्ह्यू म्हणजे त्याच विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासणी, आणि पाच दिवसांत कोणताही तज्ज्ञ निबंध नीट वाचून, शंका काढून, लेखकाकडून दुरुस्त्या करून घेऊ शकत नाही. तिथे तपासणी होत नाही, फक्त छपाई होते. नुकसान बाराशे रुपयांवर थांबत नाही. एकदा छापलेला निबंध दुसऱ्या जर्नलला नवा म्हणून देता येत नाही, म्हणून केळीच्या बागेत दोन हंगाम घालवून गोळा केलेले आकडे तिथेच अडकतात.

चांगल्या ठिकाणी छापायला लाखभर रुपये लागतात, ही समजूतही तितकीच घातक आहे. तपासून छापणारी आणि लेखकाकडून एक पैसाही न घेणारी जर्नलं भरपूर आहेत. ती शोधायची कशी, तिथे निबंध टिकवायचा कसा आणि छापून आल्यावर तो रावेर-यावलच्या शेतकऱ्यापर्यंत किंवा धडगावच्या पाड्यापर्यंत न्यायचा कसा, त्याची ही वाट. उदाहरणं बरीचशी शेती आणि वनस्पतिशास्त्राची आहेत, पण रसायन, फार्मसी, भूगोल कोणत्याही विषयाला पद्धत तीच.

नियम आज काय आहेत

यूजीसीने २०१८ मध्ये चांगली जर्नलं निवडून देणारी केअर योजना जाहीर केली, २०१९ मध्ये जर्नलांची सूची आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सूची बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल चांगलं की वाईट हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर आहे. यूजीसीने त्यासाठी फक्त सुचवलेले निकष दिले आहेत. म्हणून आज कोणी "यूजीसी केअर मान्यताप्राप्त" अशी जाहिरात करत असेल, तर तेवढ्यावरच त्याला बाजूला ठेवा. जुना निबंध त्या काळी सूचीत असलेल्या जर्नलात आला असेल, तर ते दाखवणाऱ्या पानाची तारखेसह प्रत फाइलला लावून ठेवा. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) वेळी ती मागितली जाऊ शकते.

२०२२ च्या पीएचडी नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट काढली. तरीही आपल्या विद्यापीठाचा आणि संशोधन केंद्राचा ताजा अध्यादेश लेखी मागून घ्या. "सर म्हणाले" यावर विसंबून शेवटच्या महिन्यात घाईने पैसे भरणारे फार आहेत, आणि त्या घाईवरच असली जर्नलं जगतात.

आधी वाचायला मिळालं पाहिजे

आपल्या विषयावर गेल्या पाच वर्षांत काय छापून आलं हे न वाचता लिहिलेला निबंध संपादक पहिल्याच पानावर ओळखतो. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि काम इन्फ्लिबनेट ही यूजीसीची ग्रंथालय-जाळ्याची संस्था बघतं. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे ग्रंथपालांना विचारा. बसत असेल तर घरून वाचण्यासाठी इन्फेडचं (इन्फ्लिबनेटच्या प्रवेशसेवेचं) लॉगिन मिळतं का, हेही त्याच वेळी विचारा.

बसत नसेल तर अडून राहू नका. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे फुकट एक्स्टेन्शन टाका. निबंधाची कायदेशीर खुली प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. प्रबंधांसाठी शोधगंगा, कृषीच्या प्रबंधांसाठी कृषिकोश. तरीही नाही मिळालं, तर लेखकालाच दोन ओळींचा ईमेल करा. निबंधाचं पूर्ण नाव लिहा, कशासाठी हवा ते एका वाक्यात सांगा. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात, कारण आपलं काम कोणी वाचावं हीच त्यांचीही इच्छा असते.

जर्नलची झडती

एका जर्नलला साधारण अर्धा तास द्या. निबंध लिहायला घेण्याआधी तीन जर्नलं तपासून ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं जातं, कारण शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, संदर्भांची पद्धत तिथूनच ठरते.

पहिलं पाऊल आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखक्रमांकाचं. हा आठ आकड्यांचा क्रमांक (शेवटच्या जागी कधी एक्स असतो) आयएसएसएन पोर्टलवर टाका. जर्नलचं नाव, देश आणि वेबसाइटचा पत्ता जसाच्या तसा जुळला पाहिजे. नाव जुळतं पण वेबसाइट वेगळी, असं दिसलं तर ते नामवंत जर्नलच्या नावाने उघडलेलं खोटं दुकान असू शकतं. असली नकली जर्नलं खऱ्या जर्नलचा आयएसएसएन, संपादक मंडळ आणि मुखपृष्ठ सगळं उचलतात, म्हणून पत्ता मेसेजमधल्या लिंकवरून न घेता स्वतः शोधा. मात्र आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. भारतात तो दिल्लीच्या निस्पर या सीएसआयआर संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, आणि तो फक्त ओळखक्रमांक आहे.

मग संपादक मंडळ. तीन नावं निवडा आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा. तिथे ते या जर्नलचा उल्लेख करतात का? विषय जुळतो का? शंका वाटली तर एकाला थेट ईमेल करा: "आपण या जर्नलचे संपादक आहात ना?" नाव न विचारता टाकलं गेलेले तज्ज्ञ अशा वेळी लगेच कळवतात.

तिसरं, गेले दोन अंक उघडून प्रत्यक्ष वाचा. केळीवरचा करपा, जीएसटी आणि संतसाहित्य एकाच अंकात असेल, तर या तिन्ही विषयांचे तपासनीस त्यांच्याकडे आहेत यावर विश्वास ठेवण्याचं कारण नाही. प्रत्येक निबंधावर "मिळाला" आणि "स्वीकारला" अशा दोन तारखा असतात. दोहोंमध्ये सरसकट चार-आठ दिवसांचं अंतर असेल तर रिव्ह्यू झालेला नाही. तारखाच नसतील तर तेही लक्षण वाईटच.

चौथं, डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक. हा क्रमांक १० ने सुरू होतो. अंकातल्या दोन निबंधांचे डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. त्याच निबंधाचं पान उघडलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी डीओआयसारखा दिसणारा आकडा नुसता छापलेला असतो आणि उघडत काहीच नाही.

पाचवं, सूचींचे लोगो. जर्नलच्या पानावरचा लोगो कधीही पुरावा धरू नका; ज्या सूचीचा दावा आहे तिच्या स्वतःच्या साइटवर नाव शोधा. स्कोपस या निबंधांच्या मोठ्या सूचीची स्रोतसूची फुकट बघता येते, आणि तिथे नावापुढे "कव्हरेज बंद" असा शेरा आहे का ते खास बघा. काल सूचीत असलेलं जर्नल आज बाहेर असतं, पण त्याच्या वेबसाइटवरचा लोगो काही निघत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला तो आकडा, खरा क्लॅरिव्हेट कंपनी दर जूनमध्ये जाहीर करते तोच. त्याच्या आधी 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असे शब्द लागले की तो विकत घेतलेला आकडा समजा. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र आहे. "गूगल स्कॉलरमध्ये समाविष्ट" याला काही वजन नाही.

शेवटी पैसे. फी असेल तर किती, कधी आणि कोणाला, हे वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं हवं. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले, "लेखक वाढवला तर प्रत्येकी ३०० जास्त" असं सांगितलं, तर तिथेच थांबा. अशा व्यवहाराचं मोठं रूप म्हणजे हैदराबादेतल्या एका प्रकाशन समूहाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. संपादक मंडळ, रिव्ह्यू आणि फी या तिन्हींबाबत लेखकांची दिशाभूल केली, असा तो ठपका होता.

पैसे न देता

डीओएजे ही मुक्त जर्नलांची सूची २००३ पासून चालते आणि तिच्यात २० हजारांहून जास्त जर्नलं आहेत. शोधताना "फी नाही" हा पर्याय निवडा. निम्म्याहून अधिक जर्नलं त्यात उरतात. सातपुड्यातल्या वनौषधींवर काम असेल तर निस्परचं 'इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज', प्राणी-वनस्पतींच्या नोंदींसाठी कोइमतूरचं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा', सर्वसाधारण विज्ञानासाठी बंगळूरचं १९३२ पासूनचं 'करंट सायन्स' ही सगळी वाचायला खुली आहेत. लेखकाच्या खर्चाची अट मात्र दर वेळी जर्नलच्या पानावर नव्याने बघा, ती बदलते.

दुसरी वाट वर्गणीवर चालणाऱ्या जुन्या जर्नलांची. तिथे स्वीकृतीनंतर "मुक्त प्रवेश हवा का?" असा प्रश्न येतो आणि समोर दोन-तीन हजार डॉलरचा आकडा असतो. घाबरून निबंध मागे घेऊ नका. "वर्गणीचा मार्ग" निवडला की बहुतेक ठिकाणी काही द्यावं लागत नाही. त्यानंतर तुमची स्वीकारलेली प्रत, म्हणजे रिव्ह्यूनंतरची पण प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची वर्ड फाइल, विद्यापीठाच्या भांडारात किंवा झेनोडो या फुकट ऑनलाइन भांडारात ठेवता येते. काही प्रकाशक त्यासाठी ६ ते २४ महिने थांबायला लावतात. कोणाची अट काय, हे जिस्क संस्थेच्या 'ओपन पॉलिसी फाइंडर'मध्ये (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) जर्नलचं नाव टाकून मिनिटभरात कळतं. प्रकाशकाची छापील पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या साइटवर टाकणं मात्र बहुतेक करारांत बसत नाही. ती स्वीकारलेली फाइल जपून ठेवणं हेच मुख्य काम. ती हरवली की ही वाट बंद होते.

फीमाफीबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. मोठे प्रकाशक गरीब देशांना आपोआप माफी देतात, पण त्या यादीत भारत सहसा नसतो. आपल्याला वेगळी विनंती करावी लागते आणि ती निबंध पाठवतानाच करायची असते. स्वीकृतीनंतर केलेली विनंती बहुधा नाकारली जाते.

निबंध परत येतो तो इथे

इंग्रजी कच्चं म्हणून निबंध नाकारला, असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा प्रयोगाच्या आखणीत असतं, आणि शेतीच्या निबंधांत तर एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. समजा केळीत ठिबकमधून द्यायच्या खताच्या चार ट्रीटमेंट, म्हणजे तुलनेसाठीचे चार प्रकार, आहेत. प्रत्येक ट्रीटमेंटला एकच मोठा प्लॉट केला, त्यातली ६० झाडं मोजली आणि निबंधात लिहिलं "नमुना संख्या ६०". ही संख्या ६० नाही, १ आहे. एका प्लॉटमधल्या सगळ्या झाडांना तीच माती, तेच पाणी, तोच वारा मिळतो, त्यामुळे दिसलेला फरक खताचा की त्या तुकड्यातल्या जमिनीचा, हे सांगता येत नाही. खत ज्या एककाला दिलं ते एकक म्हणजे प्लॉट, आणि रेप्लिकेशन, म्हणजे तोच प्रकार किती वेळा पुन्हा केला हे, प्लॉटचं मोजायचं.

आरबीडीत, म्हणजे शेताचे गट पाडून प्रत्येक गटात ट्रीटमेंट चिठ्ठी टाकून वाटण्याच्या आखणीत, साधा हिशेब असा: ट्रीटमेंटमधून १ वजा, रेप्लिकेशनमधून १ वजा, दोहोंचा गुणाकार किमान १२ यावा. चार ट्रीटमेंट असतील तर तीन गुणिले चार, म्हणजे पाच रेप्लिकेशन. पाच ट्रीटमेंटला चार पुरतात. १.५ बाय १.५ मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. त्या अंतराने १२ झाडांचा प्लॉट २७ चौरस मीटरचा होतो. असे २० प्लॉट म्हणजे ५४० चौरस मीटर, शिवाय प्लॉटभोवतीच्या मोजणीबाहेरच्या ओळी. हे लागवडीआधी कागदावर केलं तर जमतं. घड कापल्यावर कोणताही सांख्यिकी तज्ज्ञ ते जमवून देऊ शकत नाही.

दुसरी अडचण हंगामाची. एकाच बागेचे आकडे घेऊन शिफारस केली तर रिव्ह्यूअर विचारणारच. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची थंडी-उन्हाची गाठ वेगवेगळ्या वाढीच्या टप्प्यात पडते, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पण निबंधात लागवडीचा महिना, वाण, रोप टिश्यूकल्चरचं की कंद, हे लिहिलेलंच नसतं. परदेशातला वाचक जळगावचा मे महिना कल्पनेने उभा करू शकत नाही. कमाल-किमान तापमान, पाऊस, मातीचा सामू, पाण्याची क्षारता हे सगळं एका तक्त्यात द्या.

लेखनाचा क्रमही उलटा ठेवा: आधी तक्ते आणि आलेख, मग पद्धत, मग निष्कर्ष, शेवटी प्रस्तावना आणि सारांश. वाक्यं लहान ठेवा. मराठीतून विचार करून मग इंग्रजीत लिहिताना एका वाक्यात चार गोष्टी कोंबल्या जातात. त्या चार वाक्यांत लिहा.

नाव, नमुने, आकडे

खान्देशात पाटील, चौधरी, महाजन, पावरा ही आडनावं इतकी आहेत की आद्याक्षरांवरून माणूस ओळखता येत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, निबंधात शेवटी, असं झालं की एकाच माणसाची तीन माणसं होतात. ऑर्सिड या संशोधकांच्या नोंदणी साइटवर १६ आकडी ओळखक्रमांक फुकट काढा आणि पहिल्या निबंधापासून नावाचं एकच रूप वापरा. विद्यापीठाचं नावही पूर्ण लिहा: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. २०१८ मधल्या नामविस्तारामुळे जुनं, नवं आणि संक्षिप्त अशी तीन रूपं फिरतात आणि शोधात निबंध विखुरतात.

वनस्पतींच्या कामात हर्बेरियम (वाळवून जपलेला) नमुना नसेल तर निबंध उभाच राहत नाही. साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या शीटवर फुला-फळासह नमुना, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आणि तो पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळासारख्या मान्य हर्बेरियममध्ये जमा करून मिळालेला क्रमांक. नुसतं "स्थानिक तज्ज्ञांनी ओळखलं" चालत नाही. केळीतल्या कुकुंबर मोझॅक विषाणूचा जनुकीय क्रम काढला असेल तर तो जेनबँक या खुल्या जनुकीय संग्रहात टाकून क्रमांक निबंधात द्या. प्रसिद्धीपर्यंत तो झाकून ठेवण्याची सोय आहे.

नमुन्यावरची चिठ्ठी किती मोलाची असते, याचा धडा आपल्याच सातपुड्यात आहे. वनपिंगळा हा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर खात्रीने कोणाला मिळाला नव्हता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचा १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून सांगितलेला नमुना प्रमाण मानून लोक शोधत राहिले. तो मुळात संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला जुना नमुना निघाला. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पक्षी सापडला. एक खोटी नोंद किती वर्षं किती जणांची वाट चुकवू शकते ते बघा.

मूळ आकडे सीएसव्ही (कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये ठेवा, रकान्याच्या मथळ्यात एकक लिहा आणि झेनोडोवर टाका. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआय दोन्ही फुकट मिळतात. प्लॉटचा क्रमांक "१-२" असा टाइप केला तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. त्याऐवजी "प्लॉट१रेप२" असं अक्षरांसह लिहा.

भिल्ल, पावरा वैदूंकडून माहिती घेताना संमती आधी घ्या, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी त्याहून आधी. वाचता न येणाऱ्याला त्याच्या बोलीत समजावून, साक्षीदारासमोर तोंडी संमती नोंदवता येते. नाव छापू का, हे वेगळं विचारा. दुर्मीळ वनस्पतीचं अचूक जीपीएस निबंधात देऊ नका, तालुका पुरे. ते छापून आलं की मुळं खोदणारे तिथे पोचतात.

औषधाचं सूत्र किंवा यंत्र पेटंटच्या लायकीचं वाटत असेल, तर निबंध, पोस्टर, परिषदेतलं भाषण यांतलं काहीही करण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी छापलं तर आपलाच निबंध आपल्या पेटंटच्या आड येतो. जैविक संसाधनावर आधारित शोधाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही लागते.

सारखेपणाचा टक्का आणि एआय

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला दंड नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं आणि १४ शब्दांपर्यंतचे सामान्य शब्दसमूह मोजणीतून वगळायचे असतात. रिपोर्ट काढताना ही सेटिंग लावली आहे ना ते बघा.

टक्का उतरवण्यासाठी शब्द फिरवून देणारं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यातून "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस" होतं. असल्या वेड्यावाकड्या शब्दांवरूनच २०२१ पासून संशोधक बनावट निबंध हुडकून काढतात आणि ते मागे घ्यायला लावतात. मराठी प्रबंधातला मजकूर इंग्रजी करून श्रेयाविना वापरला तर सॉफ्टवेअरला कळणार नाही, पण चोरी ती चोरीच.

एआयकडून भाषा सुधारून घेतली तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. त्याला लेखक करता येत नाही. संदर्भ त्याच्याकडून कधीच घेऊ नका. नसलेले निबंध तो खऱ्यासारखे रचून देतो. प्रत्येक संदर्भाचा डीओआय उघडून बघा.

लेखकांच्या यादीत ज्याने काम केलं तोच. विभागप्रमुख म्हणून किंवा ओळखीचा म्हणून नाव घालू नका. पैसे घेऊन लेखकाची जागा विकणाऱ्या जाहिराती टेलिग्रामवर फिरतात. त्यात सापडलेला निबंध मागे घेतला गेला की नोकरीवर बेतू शकतं.

पाठवल्यानंतर

एका वेळी एकाच जर्नलकडे. नुसता विषय जुळत नाही म्हणून परत आला तर ते एक ते चार आठवड्यांत कळतं; रिव्ह्यूला गेला तर दोन ते सहा महिने धरा. तीन महिन्यांनी संपादकाला निबंध क्रमांक टाकून एक नम्र चौकशी करायला हरकत नाही. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर त्यांचे संस्थेचे ईमेल द्या आणि गेल्या काही वर्षांत ज्यांच्याबरोबर छापलं ती नावं टाळा.

"मोठ्या दुरुस्त्या" असा निर्णय आला की निराश होणारे फार. तो चांगला निर्णय आहे: संपादकाला निबंध हवा आहे. दोन दिवस बाजूला ठेवा, मग एका फाइलमध्ये रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि त्याखाली उत्तर लिहा. समजा शंका अशी आहे: "प्रत्येक ट्रीटमेंटला ६० झाडं म्हटली आहेत, पण प्लॉट किती?" उत्तर असं हवं: "हे स्पष्ट करायचं राहिलं होतं. प्रत्येक ट्रीटमेंटचे ५ प्लॉट होते, प्रत्येकी १२ झाडं. प्लॉटच्या सरासरीवर विश्लेषण पुन्हा केलं. ओळी १४२ ते १४९ आणि तक्ता २ बदलले. घडाच्या वजनातला फरक कायम राहिला. फण्यांच्या संख्येतला फरक आता सिद्ध होत नाही, म्हणून निष्कर्षातलं ते वाक्य काढलं." काय बदललं, कुठे बदललं आणि त्याने निष्कर्षाचं काय झालं, हे तिन्ही त्यात आहे. रिव्ह्यूअर चुकत असेल तर कारण आणि संदर्भ देऊन "हा बदल केला नाही" असं सरळ लिहा. संपादक ते मान्य करतात. "सर्व सूचना अमलात आणल्या" एवढ्या एका ओळीवर मात्र निबंध हमखास परत येतो.

बनावट जर्नलला निबंध आधीच गेला असेल तर आजच लेखी कळवा की निबंध मागे घेत आहोत. कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका, "मागे घेण्याची फी" भरू नका, सगळे ईमेल जपून ठेवा. तरीही त्यांनी परस्पर छापला, तर चांगल्या जर्नलच्या संपादकाला पहिल्याच पत्रात हे सांगून तो पत्रव्यवहार जोडा. लपवलेलं बाहेर येतं तेव्हा तुमचाच निबंध मागे घेतला जातो.

बांधापर्यंत

निबंध इंग्रजीत छापून आला की ज्याच्या शेतात प्रयोग झाला त्याला त्यातलं काही कळत नाही. एक पानी मराठी पत्रक काढा. वर एका ओळीत काय करायचं ते; मग कोणत्या वाणावर, कोणत्या जमिनीत, मृगबागेत की कांदेबागेत तपासलं; प्रति झाड किती ग्रॅम, कोणत्या महिन्यात, किती हप्त्यांत; एकरी खर्च आणि एकरी फायदा; आणि शेवटी ठळक अक्षरांत, हे कुठे तपासलेलं नाही. शेवटची ओळ सोडायचा मोह होतो, पण तीच शेतकऱ्याला नुकसानीपासून वाचवते. टक्क्यांऐवजी किलो लिहा: "उत्पादनात १२ टक्के वाढ" यापेक्षा "१८ किलोचा घड साधारण २० किलोचा झाला" हे लगेच समजतं.

वेळ साधा. मृगबागेची शिफारस असेल तर पत्रक एप्रिल-मेमध्ये हातात पडलं पाहिजे. ऑगस्टमध्ये वाटलेलं पत्रक पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारजवळच्या कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रांना पत्रक आणि निबंध दोन्ही द्या. शिफारस लोकांपर्यंत नेण्याआधी तिथले विषयतज्ज्ञ ती पारखू शकतात. आकाशवाणी जळगावला किंवा स्थानिक दैनिकाला देताना निबंध रिव्ह्यूतून गेला आहे की अजून नाही, ते स्पष्ट सांगा. गावातल्या बैठकीत अहिराणीत बोललात तर प्रश्न जास्त येतात, आणि पुढच्या प्रयोगाचा विषय पुष्कळदा त्या प्रश्नांतच असतो.

वैदूंच्या माहितीवर निबंध असेल तर पाड्यावर परत जाऊन वनस्पतींची यादी त्यांच्याच नावांसह देवनागरीत द्या, आणि गावाची हरकत नसेल तरच ती लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवांच्या आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीच्या वहीत) जोडायला गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या.

पत्रकावर तारीख, आवृत्ती क्रमांक, निबंधाचा डीओआय आणि कॉलेजच्या विभागाचा फोन टाका. दुसऱ्या हंगामात निष्कर्ष बदलला तर नवी आवृत्ती काढा, जुनी ज्यांना दिली त्या कृषी विज्ञान केंद्रांना आणि गटांना ती बाद झाल्याचं कळवा, आणि चूक छापील निबंधात असेल तर जर्नलला दुरुस्तीपत्र पाठवून त्याचा डीओआय नव्या पत्रकावर घाला.